मळ्यातल्या आईचा चेहरा

देवास, १२ नोव्हेंबर २०२४

तात्या,

आधी तुमच्या पाया पडते आणि मग लगेच भांडते. फराळाचा डबा पोचला की वाटेत कोणी खाल्ला, तुमची एक ओळ नाही. फोन केला तर तुम्ही तिकडून "कोण? कोण?" करत राहता आणि शेवटी "राँग नंबर" म्हणून ठेवून देता. सख्ख्या भाचीला राँग नंबर म्हणणारा मामा सगळ्या धारमध्ये तुम्हीच. म्हणून आता पत्र. मराठी तुम्हीच शिकवलेलं आहे, तेव्हा चुका काढायच्या नाहीत.

मुख्य गोष्ट अशी, की आमचं ठरलं. आमच्या अभिषेकनं पुण्यात मोठं घर घेतलं आहे आणि गुढीपाडवा झाला की आम्ही दोघं कायमचे तिकडे. ह्यांची कंपनी सुटल्यापासून ते नुसते कॉलनीत फेऱ्या मारतात, त्यांना नातीचा लळा आहे, ते खूश आहेत. मी पण खूश आहे, म्हणजे असायला पाहिजे. देवासचं घर विकायला काढलं आहे. रोज कोणी ना कोणी येऊन माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवून जातं.

पण एवढं लांब जायचं तर मळ्यातल्या आईला भेटल्याशिवाय माझा पाय निघणार नाही. माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची. आजोळी वाढले, तुम्ही आणि मामींनी काही कमी केलं नाही. तरी सासरी निघायच्या दिवशी मामी मला तिरल्याच्या वाटेवर आपल्या मळ्यात देवीपुढे न्यायच्याच. बाकी जगात बायका देवीची ओटी भरतात. आपल्या घरात आई नसलेल्या लेकीची ओटी देवी भरते. मामी तांदूळ, हळकुंड, नारळ तिच्या मांडीवर ठेवायच्या. मी खाली बसून पदर पसरायचा आणि मामी तिच्या मांडीवरून ते सगळं माझ्या पदरात सारायच्या. मी एकदा म्हटलं, "मामी, तुम्हीच भरा की सरळ." तर म्हणाल्या, "मी मामी आहे. आईचं काम आईनं करावं."

मूर्तिचोर आसपासची देवळं साफ करत होते, म्हणून तुम्ही आणि गावानं मिळून तिला किल्ल्यातल्या संग्रहालयात दिलं. बरोबरच केलंत. मी तेव्हा रुसून बसले होते ते सोडा. पुढे ती बरीच वर्षं आतल्या खोलीत होती, मामीही गेल्या, आणि माझं येणं तुटलं. आता तिला बाहेर मांडलं आहे असं ऐकते. तुम्ही एकदा जाऊन बघून या ना. कुठे आहे, कशी आहे, आणि एक मूठ तांदूळ तिच्या मांडीवर ठेवू देतील का ते विचारा. मला तिच्या हातून शेवटची ओटी घेऊन जायचं आहे.

तुमचीच,
राँग नंबर


धार, २५ नोव्हेंबर २०२४

चि. सुरेखेस धारहून आशीर्वाद.

डबा पोचला. चकल्या उत्तम, शंकरपाळे दगड. माझ्या वयाच्या माणसाला शंकरपाळे धाडण्यापूर्वी दातांची चौकशी करावी.

पुण्याचे वाचले. चांगलेच झाले. मला काय, मी इथे आहे तिथेच आहे. तू देवासला असलीस काय आणि पुण्याला असलीस काय. एवढे लिहून मी उठलो, अंगणात फिरून आलो, आणि आता पुढचे लिहितो आहे.

काल किल्ल्यावर गेलो. चढ पूर्वीपेक्षा उंच केलेला दिसतो. उमाशंकर म्हणून तिथे रखवालदार आहे, माळवी माणूस. मला धापा टाकताना पाहून म्हणाला, "काकासाब, धीरे-धीरे. भगवान कईं भागी नी र्‌या." भगवान खरेच कुठे पळत नव्हते. लांबलचक दालनात ओळीने उभे होते. विष्णू, महादेव, पार्वती, ध्यानस्थ जैन मूर्ती, मांडीवर मुले घेतलेल्या माता. एवढे देव एका छपराखाली आणि एकालाही फूल नाही, उदबत्ती नाही. जन्मभर पूजा केलेल्या माणसाला आधी कसेसेच होते. मग डोळा सरावतो, आणि लक्षात येते की आपण देवाकडे आजवर नीट पाहिलेच नव्हते, डोके टेकवून निघत होतो.

आणि आपली आई सापडली. अगं, शेंदूर पार उतरवला आहे. आपण पिढ्यान्पिढ्या थापत आलो आणि आत इतकी देखणी बाई बसलेली, याचा कोणाला पत्ता नाही! दालनाच्या टोकाला खिडकी आहे, तिच्या उजेडात ठेवली आहे. केसांचा अंबाडा एका बाजूला कललेला. हनुवटी आखूड. वरचा ओठ किंचित पुढे आलेला, आता काही सांगणारच आहे असा. मी पुष्कळ वेळ उभा होतो. पायांनी तक्रार केली तेव्हा निघालो.

तांदळाचे मात्र जमणार नाही. हळदकुंकू नाही, नारळ नाही, हात तर मुळीच लावायचा नाही. अवंती म्हणून तिथली अधिकारी मुलगी आहे, आपल्यातलीच, गोड बोलते. पण नियम तो नियम. लांबून नमस्कार करायचा.

तात्या


देवास, ६ डिसेंबर २०२४

तात्या,

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, "टेकडीवर दोन दोन देव्या उशाशी बसल्यात, त्यांना सोडून ही बाई धारला निघाली." म्हटलं, त्या सगळ्या देवासच्या आहेत, माझी एकटीची कोण आहे?

मला तर तिचे चांदीचे डोळेच आठवतात. उजवा जरा खाली घसरलेला. मामी दर नवरात्रात मेण लावून पुन्हा बसवायच्या आणि तो पुन्हा घसरायचा. लहानपणी शाळेत कोणी विचारलं, तुझी आई कशी दिसते, की मी बेधडक सांगायची, लाल तोंड, मोठे मोठे डोळे. मुली खो खो हसायच्या. मला कळायचंच नाही यात हसण्यासारखं काय. कारण आईचा फोटो घरात एकच, लग्नातला, आणि त्यात तिनं मान इतकी खाली घातली आहे की मुंडावळ्या आणि भांग तेवढा दिसतो. भांगाला काय आई म्हणायचं!

आता तुम्ही म्हणता ती देखणी आहे, आखूड हनुवटीची. मी पत्र वाचून आरशापुढे जाऊन माझी हनुवटी बघून आले. हसा तुम्ही.

तांदूळ ठेवू देत नाहीत तर नाही. मी तिच्यापुढे पदर पसरून उभी राहीन, ते तर कोणी अडवणार नाही ना? एकच सांगा. तिची मांडी कशी आहे? मांडीवर डाव्या अंगाला एक खळगा होता, मामी तांदूळ तिथे ओतायच्या आणि ते सांडायचे नाहीत. मी त्यात हात घालून बसायची. शेंदूर काढल्यावर तो आहे की गेला? दोन ओळी त्यावर लिहा.

संक्रांतीनंतर येते. तोवर तुम्ही जात राहा आणि तिला सांगा की मी येते आहे.

सुरेखा


धार, १९ डिसेंबर २०२४

चि. सुरेखेस आशीर्वाद.

तुझी आज्ञा म्हणून जातो आहे असे तुला वाटत असेल, तर तसे नाही. आता मला चटकच लागली आहे. उमाशंकरने माझ्यासाठी एक स्टूल ठेवले आहे. मला पाहिले की म्हणतो, "काकासाब, आज फेर आया?" आणि स्टूल खिडकीशी नेऊन ठेवतो. मांडूहून परतणारे प्रवासी दालनात शिरतात, फोटो काढतात आणि मलाही त्या मूर्तींमधलाच एक समजून पुढे जातात.

आईला तुझे पुण्याचे सांगितले. ऐकून घेतले तिने. खरे सांगू का, सुरेखा, तिच्यापुढे बसले की मला सारखे वाटते, ही मला ओळखते. आता नाव घेऊन हाक मारील आणि काही तरी काम सांगील. घरी मला कोणी काम सांगत नाही. तुझी मामी गेल्यापासून हे घर फार शहाणे झाले आहे.

अवंती परवा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "तात्या, तुम्हाला ही फार आवडते ना?" म्हटले, आवडते काय, नात्यातली आहे. ती हसली.

थंडी बरीच आहे. किल्ल्यावर ढगाळ होते, त्यामुळे दालनात उजेड कमी. बाकी सर्व ठीक.

तात्या


देवास, ४ जानेवारी २०२५

तात्या,

सगळं लिहिलंत. थंडी लिहिलीत, ढग लिहिलेत, उमाशंकरचं स्टूल लिहिलंत. मांडीचं काही लिहिलं नाहीत.

मी तुमच्या हाताखाली वाढले आहे. पेपरात ज्या प्रश्नाचं उत्तर येत नसे तो मी गाळून पुढचा लिहायची आणि तुम्ही म्हणायचात, "गाळलेला प्रश्नच आधी दिसतो." आता तुम्हीच गाळायला लागलात. तिला मळ्यातून हलवताना मांडी फुटली का? तसं असेल तर सांगून टाका. मला वाईट वाटेल म्हणून लपवत असाल, तर न सांगता जास्त वाईट वाटतं आहे. माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे.

इथे अर्धं घर खोक्यांत गेलं आहे. घर घेणारे लोक चांगले आहेत, त्यांनी माझ्या मोगऱ्याला पाणी घालायचं कबूल केलं. संक्रांत झाली की येते. तिळगूळ घेऊनच येते, वड्या मऊ केल्या आहेत.

सुरेखा


धार, १३ जानेवारी २०२५

चि. सुरेखेस आशीर्वाद.

माझा गुडघा सुजला आहे. किल्ल्यावर जाणे बंद. अशात तू आलीस तर तुला घेऊन कोण जाणार? शिवाय दालन काही दिवस बंद राहणार असे कानावर आहे. अर्थात माझे कान तुला माहीत आहेत.

इतकी दगदग करून यायची गरज आहे का, याचाही विचार कर. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, गर्दीच्या बसगाड्या, तुझी कंबर. देवीला लांबून केलेला नमस्कारही पोचतो. पुण्याला जाण्याआधी माझ्याकडे मात्र निवांत येऊन जा, माघात नाही तर फाल्गुनात. तेव्हा सवडीने पाहू.

मूर्ती फुटलेली नाही. शपथेवर सांगतो. काळजी करू नये.

तात्या


देवास, २ फेब्रुवारी २०२५

तात्या,

मी जाऊन आले. गुरुवारी. दालन बंद नव्हतं.

तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही नको नको म्हणायला लागलात तेव्हाच मला वाटलं, नक्की काही तरी मोडलं आहे आणि हे मला दाखवायचं नाही. मग मी हट्टानंच निघाले. पिशवीत तांदूळ, हळकुंड, नारळ, सगळं घेतलं होतं. ठेवू देणार नाहीत हे माहीत होतं, तरी रिकाम्या हातानं माहेरी कशी जाऊ?

आधी खिडकीजवळ गेले. तुम्ही लिहिली होती तशीच बसली होती, देखणी, अंबाडा कललेला. मी हात जोडले. मग मांडीकडे पाहिलं. मांडी सपाट, तात्या. खळगा नाही, खळग्याची जागाही नाही. दगड अखंड आहे, कुठे फुटलेला नाही. मी आपली वाकून वाकून बघते आहे, तेवढ्यात उमाशंकर आला, "माताराम, हाथ मत लगाजो." म्हटलं, भिया, लावत नाही, माझ्या आईला शोधते आहे. तो घाबरून अवंतीला घेऊन आला.

मी तिला तिरल्याच्या मळ्याचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "काकू, ये विंडोवाली तर मांडूकडची आहे. तुमची ती तिकडे, दरवाज्याच्या मागे." आणि मला घेऊन गेली.

दरवाज्याच्या मागे ती होती. तुम्ही रोज तिच्यावरूनच आत गेला असाल. मी ओळखलं नाही. खरंच सांगते, काही म्हणता काही ओळखीचं वाटेना. कारण तिला चेहराच नाही, तात्या. कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं गुळगुळीत. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. अवंती म्हणाली, मळ्यात यायच्या कितीतरी आधीच झिजला असणार. म्हणजे मी ज्याला आईचा चेहरा म्हणत होते, तो आपण दर वर्षी चढवत आलो तो शेंदूर होता, आणि मामींच्या हातचं मेण.

आणि तो खळगा. तिथे मूल आहे. मांडीवर डाव्या अंगाला मूल बसलं आहे, आणि त्याच्या आणि तिच्या पोटाच्या मधली जागा म्हणजे आपला खळगा. त्याच्यावरही शेंदराचा थर होता म्हणून आपल्याला तो नुसता उंचवटा वाटायचा. शेंदरानं त्याला जपलं म्हणे. गाल, कान, पायातले वाळे, सगळं जसंच्या तसं. आईचा चेहरा पुसून गेला आणि तिच्याकडे तोंड वर करून बघणारं पोर राहिलं. मला तिथे उभं राहवेना. अवंतीनं खुर्ची आणली, पाणी आणलं. "रोऊ नका ना काकू," म्हणत राहिली बिचारी.

पदर पसरला नाही. कोणापुढे पसरायचा ते कळेना. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली होती, मग वळवायला सांगितली. रागावले नव्हते. रडून रडून चेहरा सुजला होता आणि तुम्ही विचारलं असतंत, आणि मला ओरडून सांगावं लागलं असतं. तांदूळ परत आणले. काल त्यांची खिचडी केली, चांगली झाली.

तुम्ही चुकलात याचं मला काही नाही. मी तरी कुठे ओळखलं? पण आता देवीचं राहू द्या. माझ्या आईला बघितलेलं माणूस आता जगात तुम्ही एकटे उरलात. आजी होती तोवर विचारायची सोय नव्हती, पुढे तुम्ही विषय निघाला की उठून जायचात, आणि मला वाटायचं, माझ्याकडे मळ्यातली आहे की. आता तीही नाही. तात्या, माझी आई कशी दिसायची? सांगा मला. पुण्याला जायच्या आधी मला तेवढंच पाहिजे.

सुरेखा


धार, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरेखा,

तुझे पत्र आले त्या दिवसापासून लिहायला बसतो आहे. होतच नव्हते.

आधी खिडकीजवळचीचे सांगतो. पहिल्या दिवशी माझी खात्री होती. मी आत शिरलो, चेहरे पाहत गेलो, आणि तिच्यापाशी आल्यावर आतून आले की हीच. तुझे मांडीचे पत्र आल्यावर नीट पाहिले, तेव्हा मांडीवर खळगा नव्हताच. अवंतीला विचारता आले असते. पण जन्मभर जिची पूजा केली ती यातली कोणती, हे कोणत्या तोंडाने विचारायचे? आणि दुसरे असे, की मला त्या खिडकीपासून उठवेना. चुकीची असली तरी मला तीच हवी होती. असे का, हे मला कालपर्यंत कळले नव्हते.

तुझ्या आईचे नाव इंदुमती नव्हते. म्हणजे होते, पण ते सासरचे, लग्नात ठेवलेले. श्राद्धाला तू तेवढेच ऐकलेस. त्या नावाला ती स्वतःही पटकन ओ देत नसे. आम्ही तिला चिऊ म्हणत असू. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी मी चिऊच म्हणे, आणि ती मला मारे. ती गेल्यावर आईपुढे हे नाव काढले की आई जेवते ताट सोडून उठायची. म्हणून घरात ते बंद झाले. पुढे आईही गेली, पण माझी जीभ वळेना. आज किती वर्षांनी लिहितो आहे.

ती काही सुंदर नव्हती. उगाच खोटे लिहीत नाही. रंग सावळा. उंची बेताची. चालायची भरभर. स्वयंपाकात हात धांदरट, पोळ्या जाड. पण बोलायला लागली की वाड्यातली चार बिऱ्हाडे काम सोडून ऐकत. नकला करी. माझ्या हेडमास्तरांची नक्कल तिने त्यांच्याच पुढे केली होती. पुढचे दोन दात मोठे होते, त्यांच्यामुळे तिला पुरते तोंड मिटता येत नसे. फोटोत मान खाली घातली आहे ती लाजेने नव्हे, दात दिसू नयेत म्हणून. आखूड हनुवटी. अंबाडा तिला कधी मधोमध बांधता आला नाही, सदा एका बाजूला.

एवढे कागदावर उतरवले आणि वाचून पाहिले. सुरेखा, हे मी तुला नोव्हेंबरातच लिहिले होते. खिडकीजवळची पाहून आल्यावर. शब्दसुद्धा तेच.

म्हणजे मी देवी शोधायला गेलो आणि बहिणीपाशी जाऊन बसलो. ही मला ओळखते असे वाटायचे, ते उगीच नव्हते. मांडूच्या बाजूच्या कोण्या कारागिराने कोणाचा चेहरा पाहून तो घडवला, देव जाणे. पण त्या ओठाच्या मागे दोन दात आहेत, हे मला माहीत आहे.

त्या दिवाळीला मी तिला माहेरी आणायला निघणार होतो. तुलाही घेऊन येणार होती. त्याच्या आधीच विषमज्वराने गेली. तेवीस वर्षांची होती.

तू तिच्यापुढे हात जोडून आलीस आणि ही आपली नव्हे म्हणून निघून गेलीस. पुन्हा ये. माझा गुडघा आता बरा आहे. नसला तरी येईन.

तात्या


देवास, ३ मार्च २०२५

तात्या,

परवा तुमच्याकडे चार तास बसले, जेवले, आपण दोघं किल्ल्यावरही जाऊन आलो, आणि तरी हे पत्र लिहिते आहे. तुम्हाला ऐकू गेलं नसतं आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नव्हती. तुम्ही स्टुलावर मागे बसला होतात, मी पुढे उभी होते, तेव्हाची गोष्ट.

ती किती लहान आहे हो! हे तुम्ही आकड्यात लिहिलं होतंत, पण मला तिच्यापुढे उभी राहिल्यावर कळलं. मी साठीला टेकलेली बाई, आणि समोर ही पोर. माझी सून हिच्याहून मोठी आहे. मी जन्मभर आई आई करत कोणा मोठ्या बाईला शोधत राहिले. अंगावर घेईल, पाठीवरून हात फिरवील, अशी. आणि ही तर अशी, की हिलाच कोणी तरी जवळ घ्यावं. दात लपवायला मान खाली घालणारी, जाड पोळ्या करणारी, दोन वर्षांची मुलगी घेऊन माहेरी यायचं राहून गेलेली.

"आई" म्हणायचं म्हणून ओठ उघडले, पण तो शब्द काही निघाला नाही. "चिऊ" म्हटलं.

तात्या, ओटी मोठीनं लहानीची भरायची असते. मी ह्या वेळी काही घेऊन आले नव्हते. नुसती ओंजळ धरली. हात लावला नाही, उमाशंकर बघतच होता. तिच्या सपाट मांडीच्या जरा वर ओंजळ नेली आणि हळूच उलटी केली. उमाशंकरनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग भरली ओटी घेऊन निघालेल्या पोरीला दारातून जे म्हणतात, तेच मी तिला म्हटलं. "लवकर ये हं परत."

सुरेखा